तलावाकाठच्या गाण्यांशेजारी उतारवयात कसे राहावे

नागपूरला समुद्र नाही, पण चौपाटी आहे. फुटाळा तलावाच्या काठाला सगळे शहर याच नावाने ओळखते, आणि दिवस कलला की तिथे थांबलेल्या गाड्यांमधून आणि आसपासच्या लॉनमधून गाणी सुरू होतात. परदेशात ३० वर्षे काढून निवृत्तीनंतर तलावाच्या वाऱ्यासाठी मी या बाजूला घर घेतले. ते पाहायला सकाळी ११ वाजता गेलो, ही माझी पहिली चूक. आपण असे घर घेणार असाल, तर लग्नसराईतल्या एखाद्या रात्री साडेनऊला तिथे जावे आणि झोपायच्या खोलीत खिडकी लावून दहा मिनिटे गप्प बसून पाहावे.

घर घेऊन झाले असेल, तर भिंतीवरची दिनदर्शिका खाली उतरवावी. लॉनवरचा आवाज मुहूर्ताप्रमाणे चालतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्ने जवळजवळ थांबतात (मधल्या गणपती-नवरात्राचा हिशेब वेगळा), पौषातही बहुतेक घरी मुहूर्त धरत नाहीत, आणि वैशाखात मात्र रात्रीमागून रात्री जातात. दाट मुहूर्तांवर खुणा करून ठेवल्या, की त्या दिवशी दुपारी झोप काढणे, रात्रीचे जेवण उशिरा घेणे किंवा सरळ लेकीकडे मुक्कामाला जाणे आधीच ठरवता येते. आज आवाज होणार हे ठाऊक असले, की तो निम्म्याने कमी त्रास देतो, असा माझा अनुभव आहे.

गाण्याचे शब्द खिडकी बंद केल्यावर पुष्कळ कमी होतात. बेसचा ठोका मात्र कमी होत नाही. ५० हर्ट्झच्या ध्वनीची लहर सुमारे ७ मीटर लांबीची असते, आणि जाड पडद्याने ती अडत नाही. आमच्याकडे शोकेसमधल्या पितळी डब्याचे झाकण प्रत्येक ठोक्याला खुळखुळत असे आणि गाण्यापेक्षा त्यानेच झोपमोड होई. शोधून काढून झाकणाखाली पंचाची घडी ठेवली, तेव्हा ते थांबले. खरी अडचण उन्हाळ्यात येते, कारण कूलरची हवा बाहेर जायला वाट लागते आणि सगळे बंद केले तर खोली दमट होते. म्हणून कूलर लॉनच्या उलट बाजूच्या खिडकीत बसवावा, हवा आतल्या पॅसेजकडे सोडावी, आणि झोपायची खोलीही शक्यतो त्याच बाजूला हलवावी. कानात फोमचे बोळे घालताना ते बोटांनी बारीक वळावेत, कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून आत सारावेत आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावेत. मात्र घरात एकटे असाल, तर फोन व्हायब्रेटवर करून उशीखाली ठेवावा.

तक्रारीआधी आवाज कुठून येतो ते पायी जाऊन पाहावे. शांत रात्री पाण्यालगतची हवा थंड असली, तर ध्वनी वरून खाली वळतो आणि पलीकडच्या काठावरचे गाणे दाराशी वाजल्यासारखे वाटते. मी एकदा शेजारच्या लॉनच्या मॅनेजरला झापून आलो. त्या रात्री त्याचे लॉन रिकामे होते. बोलायला संध्याकाळी सातला जावे, पाहुणे यायच्या आधी. ‘आवाज कमी करा’ असे मोघम सांगू नये. बेस उतरवा आणि सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) कंपाउंडच्या भिंतीपासून पुढे घ्या, असे सांगावे. ‘काकाजी, आधीच सांगत जा ना, मग काही वांधा नाही,’ असे साउंडवाल्या पोराने मला ऐकवले, आणि नंतर ते पाळलेही.

एवढ्याने भागले नाही, तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देता येते, ते दिवस आधी तपासून घ्यावेत. दहानंतर डेसिबलच्या वादात पडू नये, वाजणे हाच भंग असतो. पोलिसांना ११२ वर फोन करून तारीख आणि वेळ वहीत लिहावी. तक्रारदाराने ओळख सांगितलीच पाहिजे असा आग्रह पोलिसांनी धरू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे; शेजाऱ्यांशी वैर नको असणाऱ्या आमच्यासारख्यांना याचा मोठा आधार आहे.

धुमाल (इकडचा तालवाद्यांचा ताफा) लावून निघालेली वरात मात्र मी वेगळी धरतो. ती पुढे सरकत असेल, तर वीस मिनिटे गॅलरीत उभे राहून पाहावी; चौकातच ठाण मांडून बसली आणि दहा वाजून गेले, तर फोन उचलावा.