कांदा चिरताना कंबर धरते? पायाखाली ठोकळा घ्या

हॉटेलात किंवा केटरिंगच्या किचनमध्ये दिवसाचे दहा-बारा तास उभं राहून काम चालतं. पोतंभर कांदा चिरून झाला की कंबर बोलायला लागते. गोळी घेण्याआधी हे करून बघा, खर्च जवळपास शून्य.

१. चार ते सहा इंच उंचीचा, न डुगडुगणारा लाकडी ठोकळा ओट्याखाली ठेवा. एक पाय त्यावर, एक जमिनीवर. पंधरा-वीस मिनिटांनी पाय बदला. घड्याळ कोण बघणार? एक परात भरली की बदलायचा, एवढंच लक्षात ठेवा.

२. चिरायचा पाट कोपरापेक्षा साधारण चार बोटं खाली हवा. उंच माणसाला बहुतेक ओटे बुटकेच पडतात आणि तो दिवसभर वाकून राहतो. अशा वेळी जाड पाट घ्या किंवा दोन पाट एकावर एक ठेवा. मध्ये आणि खाली ओलं फडकं पिळून अंथरा, म्हणजे सुरी चालवताना पाट सरकत नाही.

३. भाजी शिजेपर्यंत नुसतं उभं राहण्यापेक्षा टाचा वर-खाली करा. पोटऱ्या जड होत नाहीत.

ठोकळा फक्त चिरायच्या जागी. भट्टीजवळ किंवा येण्याजाण्याच्या वाटेत अजिबात नको. उकळतं तेल घेऊन चाललेला माणूस अडखळला तर काय होईल ते सांगायला नको. आणि एकाच पायाला सूज येऊन तो दुखत असेल, तर ठोकळ्याच्या भरवशावर न राहता लगेच डॉक्टरला दाखवा.