पोराइले प्रभूची गोडी कशी लावाची

लहान पोराइले रात्री जेवल्यावर पाचच मिनिटं बायबल वाचून दाखवा, जास्त ताणलं का पेंगतेत. मार्कपासून (बायबलातलं येशूच्या जीवनाचं एक पुस्तक) सुरू करा, 16च अध्याय हायेत. चौथ्या अध्यायातली येशूनं सांगितलेली बी पेरणाऱ्याची गोष्ट, ज्यात वाटेवर पडलेलं बी पाखरं खातेत, ते घरात बसून नका सांगू, आमच्या बारक्याले ज्वारी पेरताना पांदणीवर सांडलेले दाणे पाखरं टिपताना दाखवले न् त्याले लगेच समजलं.

मोठ्याइचं अवघड असते. पोरीनं विचारलं, "बाबा, देव हाये तं कापूस कावून बुडला?" मी म्हटलं मलेबी नाही समजत, मंग दोघांनी बायबलातलं स्तोत्र 13 वाचलं, तिथंबी "कोठवर?" असंच विचारलं हाये. रागावू नका, विचारू द्या. चर्चमध्ये ओढून नेण्यापरीस भजनात ढोलकी हातात द्या, आमचा पोट्टा तं आता रविवारी आमच्या आधीच तयार असते.