क्लॅम्प-ड्रिलचा सिक्वेन्स मध्येच अडकतोय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कास्टिंगला (ओतीव भागाला) भोक पाडणाऱ्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या फिक्स्चरचा (भाग पकडून ठेवणाऱ्या साच्याचा) क्रम बहुधा असा: क्लॅम्प पुढे, ड्रिल पुढे, ड्रिल मागे, क्लॅम्प मागे. हालचाली चारच, तरी पीएलसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, टायमरवर टायमर रचलेले दिसतात.

खरी चूक टायमरच्या आधीच झालेली असते. क्लॅम्प पुढे गेल्याचा सेन्सर ड्रिलला 'पुढे जा' सांगतो. ड्रिल तळाला पोचल्यावर 'मागे ये' हा सिग्नल येतो, पण क्लॅम्पचा सेन्सर अजून चालूच असतो. ड्रिलच्या व्हॉल्व्हला दोन कॉईल असतात, एक पुढे नेणारी, एक मागे आणणारी; त्याला दोन्हीकडून सिग्नल मिळतो आणि स्पूल (हवेची वाट बदलणारा आतला दांडा) जागचा हलत नाही. मग कोणीतरी सेन्सर काढून टायमर टाकतो. ते मला अजिबात पटत नाही. लाइनवर हवेचा दाब उतरला की क्लॅम्प किंवा ड्रिल हलवणारा सिलिंडर मंदावतो, टायमर मात्र थांबत नाही. ड्रिल जॉबमध्ये (भोक पाडायच्या भागात) असतानाच क्लॅम्प सुटू शकतो.

क्रम कागदावर लिहा आणि एकच सिलिंडर दुसऱ्यांदा येतो तिथे रेघ मारा. इथे दोन गट पडतात: दोन्ही पुढे, दोन्ही मागे. दोन गटांना एक मेमरी बिट, म्हणजे कोणता गट चालू आहे हे लक्षात ठेवणारी पीएलसीतली चालू-बंद खूण, पुरतो. ड्रिल तळाला पोचला की बिट चालू, क्लॅम्प पूर्ण मागे आला की बंद. पुढे जाण्याचे हुकूम बिट बंद असतानाच, मागे येण्याचे चालू असतानाच. विरोधी सिग्नल उरतच नाहीत, टायमरही लागत नाही. पीएलसी नसेल तर हेच काम गट बदलणारा एक ५/२ व्हॉल्व्ह (पाच तोंडं, दोन स्थिती असलेला) करतो.

वीज जाऊन आली की हा बिट पुसला जाऊ शकतो. क्लॅम्प पुढे, ड्रिल मागे, बिट बंद: मशीनला वाटतं आता ड्रिलिंग करायचं, आणि ते आपोआप सुरू होतं. म्हणून वीज परतल्यावर ऑपरेटरने होम बटण दाबून सिलिंडर मागे आणल्याशिवाय सायकल चालू होऊ देऊ नका.

सिलिंडरवरचा सेन्सर, म्हणजे रीड स्विच, फक्त पिस्टन कुठे आहे ते सांगतो, पकड किती आहे ते नाही. ड्रिलच्या अटीत क्लॅम्प लाइनचा प्रेशर स्विच (हवेचा दाब पुरेसा आहे का ते सांगणारा) घाला.

तरीही अडकलं तर प्रोग्राम उघडण्याआधी, हात लांब ठेवून, व्हॉल्व्हचं मॅन्युअल बटण दाबून बघा. सिलिंडर हलला तर दोष वायरिंगमध्ये, कॉईलमध्ये किंवा लॉजिकमध्ये. नाही हलला तर हवेकडे बघा. पावसाळ्यात आधी एफआरएलच्या (हवा गाळणाऱ्या, दाब ठरवणाऱ्या आणि तेल देणाऱ्या युनिटच्या) बाऊलमधलं पाणी काढा.