गावाभोवतीच्या टेकड्यांवर माउंटन बाइकची वाट कशी आखावी

गावाच्या शिवारापलीकडे पसरलेल्या लहान लहान टेकड्या माउंटन बाइकसाठी उंच डोंगरांइतक्याच चांगल्या असतात. नवशिक्यांसाठी तर त्या अधिक सोयीच्या, कारण तिथला चढ दमवतो पण लवकर संपतो आणि उतार संपतो न संपतो तोच पुढच्या टेकडीचा चढ सुरू होतो. मात्र अशा ठिकाणी सायकलींसाठी वाट करायचे ठरले की बहुतेक जण माथ्यावर सरळ चढणारी जुनी पायवाट साफ करतात आणि तिच्यावरच खुणा लावून मोकळे होतात. ही चूक पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते. पायी जाणाऱ्याला जवळची वाट हवी असते आणि पाण्यालाही जवळचीच वाट हवी असते. त्यामुळे थेट उताराच्या दिशेने जाणाऱ्या वाटेचा बघता बघता ओघळ होतो, माती वाहून जाते, मुळे व दगड उघडे पडतात, आणि ते चुकवण्यासाठी सायकलस्वार कडेच्या गवतातून जाऊ लागले की एका वाटेच्या तीन वाटा होतात. म्हणून वाट आखताना सायकलच्या आधी पाण्याचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

कामाची सुरुवात कुदळीने नव्हे, परवानगीने करावी. वाट ज्या ज्या जमिनीतून जाणार आहे त्या प्रत्येक जमिनीच्या मालकाची, आणि जमीन सरकारी किंवा वनक्षेत्रातील असल्यास संबंधित कार्यालयाची, लेखी संमती घ्यावी. एका मालकाने मागाहून नकार दिला तर अख्खा फेरा तुटतो. त्यानंतर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा नकाशा समोर ठेवून दोन प्रकारच्या जागा नोंदवाव्यात. पहिला प्रकार म्हणजे जिथे वाट न्यावीशी वाटते अशा जागा: एखादा खडक, मोठ्या झाडांची सावली, दूरवर नजर जाईल असा सोंडेचा कडा. दुसरा प्रकार टाळायच्या जागांचा: पाणथळ पट्टे, पिकाखालची शेते, पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा, गुरांची पाणी पिण्याची ठिकाणे. यांपैकी पहिल्या प्रकारच्या जागा जोडत आणि दुसऱ्या प्रकारच्या चुकवत जी रेघ कागदावर उमटते, तो वाटेचा पहिला कच्चा मसुदा होय.

पुढचे सगळे काम उताराच्या मोजमापावर अवलंबून आहे. उतार टक्क्यांत मोजतात: 100 मीटर आडवे अंतर जाताना 8 मीटर उंची बदलली तर तो 8 टक्के. क्लायनोमीटर, म्हणजे उतार मोजायचे उपकरण, नसेल तर एक मीटर लांबीची सरळ फळी घ्यावी, तिचे वरचे टोक जमिनीला टेकवून लेव्हलच्या बुडबुड्याने ती आडवी धरावी आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजावे. तोच आकडा म्हणजे उताराची टक्केवारी. फोनवरील मोजमाप अनेकदा अंशांत असते, आणि अंश व टक्के एक नव्हेत. 10 टक्के उतार म्हणजे सुमारे 5.7 अंश, तर 45 अंश म्हणजे 100 टक्के. हा घोळ झाला तर सौम्य समजून आखलेली वाट प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट तीव्र निघते.

मोजमाप हाती आले की दोन नियम लावावेत. वाटेचा स्वतःचा चढ टेकडीच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये. टेकडीचा उतार 16 टक्के असेल तर वाटेने 8 टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये. तसेच संपूर्ण वाटेचा सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आत ठेवावा. पहिल्या नियमामागचे कारण साधे आहे: वाट टेकडीच्या अंगाला आडवी गेली तर वरून येणारे पाणी तिला ओलांडून खाली जाते, आणि ती उताराच्या दिशेकडे फार झुकली तर तेच पाणी वाटेतच वळून तिच्यावरून धावू लागते. याच नियमामुळे सपाट जागाही वाईट ठरते. सपाटीवर पाणी निघून जायला जागाच नसते, म्हणून दोन टेकड्यांमधील मऊ, सपाट गवताळ पट्टा कितीही मोहक दिसला तरी वाट त्याच्या कडेने, थोड्या उंचीवरून न्यावी.

तरीही थोडे पाणी वाटेवर येतेच. त्यासाठी वाटेला दर 6 ते 15 मीटरवर एक लहान हेलकावा द्यावा, म्हणजे उतरती वाट काही पावले किंचित चढून पुन्हा उतरू लागेल. त्या खोलगट जागी पाणी वाट सोडून खालच्या अंगाला निघून जाते. टेकड्यांचा प्रदेश मुळातच लाटांसारखा असल्याने हे हेलकावे आखणीतच बसवता येतात, मागाहून खणून करावे लागत नाहीत. शिवाय सायकल चालवण्यातली खरी गंमतही याच चढउतारात आहे. ओहोळ ओलांडताना वाट त्याला काटकोनात आणावी, तळ दगडी असेल अशी जागा निवडावी आणि दोन्ही काठांवर वाट ओहोळाकडे उतरती ठेवावी, म्हणजे पूर आला तरी पाणी वाटेत शिरून तिच्यावरून पुढे वाहणार नाही.

रेघ पक्की झाली की रंगीत फिती बांधून ती दोन्ही दिशांनी चालून पाहावी. चढताना सोपे वाटलेले वळण उतरताना अचानक समोर येते, हे कागदावर कधीच कळत नाही.

खणताना वाटेचा संपूर्ण तळ टेकडीच्या मूळ जमिनीत कोरावा. अर्धी वाट कोरून उरलेली अर्धी खणलेल्या मातीच्या भरावावर टेकवली, तर श्रम निम्मे होतात, पण तो भराव चाकाखाली खचतो. पालापाचोळा आणि मुळांचा थर पूर्ण काढून खालची घट्ट माती लागेपर्यंत खणावे, निघालेली माती खालच्या अंगाला दूरवर पसरावी आणि तळाला बाहेरच्या बाजूने सुमारे 5 टक्के कल द्यावा. 60 सेंटीमीटर रुंदीच्या वाटेत हा फरक फक्त 3 सेंटीमीटर भरतो. वरच्या बाजूचा कापही उभा न ठेवता तिरका करावा, नाहीतर तो ढासळून वाटेवर येतो.

वेगाचे गणितही आखणीतच सोडवावे लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 1976 पासून माउंट टॅमलपायसजवळच्या एका तीव्र उतारावर ज्या शर्यती होत, त्यांना ‘रीपॅक’ हे नाव पडले, कारण खाली येईपर्यंत मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. सामायिक वाटेवर असा सलग उतार नको. लांब सरळ उतारानंतर अरुंद वळण ठेवले की प्रत्येक जण त्याच जागी जोरात ब्रेक दाबतो आणि तिथे खाचखळग्यांची रांग तयार होते. त्याऐवजी वळणाच्या आधी एक छोटा चढ ठेवावा, म्हणजे वेग आपोआप उतरतो. आणि वळणावर समोरचे दूरपर्यंत दिसेल इतकी झुडपे छाटावीत.

पहिला फेरा गावाच्या कडेपासून सुरू होऊन तिथेच संपणारा, तीन ते पाच किलोमीटरचा आणि सोपा असावा: रुंदी सुमारे 90 सेंटीमीटर, सरासरी चढ 5 टक्क्यांच्या आत. कठीण फेरे याच फेऱ्याच्या दूरच्या टोकापासून फुटावेत, म्हणजे नवशिका चुकून त्यांत शिरत नाही आणि सराईताला शरीर तापवायला अंतर मिळते. प्रत्येक फाट्यावर काठिण्य सांगणारी पाटी लावावी. पादचाऱ्याला व जनावरांना सायकलने वाट द्यावी, उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावे आणि उघडलेले फाटक मागे लावून घ्यावे, एवढे तीन नियम सुरुवातीच्या पाटीवर पुरेत.

नवी वाट लगेच खुली करू नये. तिच्यावर एकदोन चांगले पाऊस पडू द्यावेत आणि पाऊस चालू असतानाच छत्री घेऊन ती पूर्ण चालावी. पाणी जिथे वाटेवर साचते किंवा तिच्यावरून लांबवर धावते तिथे लगेच खूण करावी आणि माती वाफशावर आल्यावर तेथील खोलगट भाग अधिक रुंद करून खालची कड मोकळी करावी. पुढे दरवर्षीही हेच काम मुख्य असते, कारण चाकांनी तळ दबत जातो, बाहेरच्या कडेला मातीचा बारीक बांध तयार होतो आणि पाणी त्याच्या आत अडकते. तो बांध दंताळ्याने किंवा फावड्याने मोडून टाकावा. ओल्या मातीत टायरची खोल चाकोरी उमटू लागली की वाट काही दिवस बंद ठेवावी आणि सुरुवातीच्या पाटीवर तसे स्पष्ट लिहावे.