रूट केलेल्या फोनवर नवं अँड्रॉइड: आदल्या रात्रीची तयारी

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. महिन्याचा पहिला आठवडा नको. भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, दूधवाला, सगळ्यांचे पैसे याच फोनवरून जातात आणि अपडेटनंतर यूपीआय एखादा दिवस रुसून बसू शकतं. पुण्यात असाल तर गुरुवारही नको, दुरुस्तीसाठी लाइट घालवायची तर बहुधा त्याच दिवशी घालवतात. शनिवारची संध्याकाळ बरी. प्रत्यक्ष अपडेटला अर्धा-पाऊण तास पुरतो, संध्याकाळ खाते ती तयारी.

मी इथे माझा पिक्सेल ७ धरून लिहितोय: बूटलोडर (फोन उठताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) उघडलेला, मॅजिस्क नावाच्या टूलने रूट केलेला (म्हणजे सिस्टीमच्या आतपर्यंत शिरायचे पूर्ण अधिकार मिळवलेला), अँड्रॉइड १५ वरून १६ वर न्यायचा. साध्या फोनला अपडेट येतं, आपण बटण दाबतो आणि सकाळी उठून बघतो. रूट केलेल्याचं तसं होत नाही. घरपोच येणारं अपडेट बहुतेक वेळा फक्त फरकाचं असतं, जुना भाग जसाच्या तसा आहे ना हे तपासायचं आणि त्यावर ठिगळ लावायचं. मॅजिस्कने फोन सुरू करणाऱ्या इनिट बूट नावाच्या भागात हात घातलेला असतो, तिथे हिशेब जुळत नाही आणि अपडेट अडून बसतं. पिक्सेल ६ आणि ६ए मध्ये हाच बदल बूट या भागात होतो, ७ पासून इनिट बूटमध्ये. आपला कुठला, हे आधी नक्की करा. सॅमसंगवाल्यांचा रस्ता वेगळा, तिकडे फास्टबूट (लॅपटॉपवरून केबलने फोनमध्ये सिस्टीमच्या फाइली चढवायचं टूल) नसून ओडिन हे सॅमसंगचं टूल. त्यांना एवढंच सांगतो की ओडिनमधल्या सीएससीच्या (देश आणि कंपनीनुसारच्या सेटिंगांच्या) चौकटीत होम सीएससी नावाची फाइल घाला, नुसती सीएससी घातलीत तर फोन कोरा होईल.

आता डेटा. तो अपडेटमुळे सहसा उडत नाही, आपल्याच हाताने उडतो. माझा एकदा उडालाय. जुन्या फोनची गोष्ट. गुगलच्या फॅक्टरी इमेजबरोबर (फोनच्या मूळ सिस्टीमचा पूर्ण संच) फ्लॅश-ऑल नावाची छोटी फाइल येते, तिच्यावर मी दोनदा क्लिक केलं आणि चहा ठेवायला गेलो. त्या फाइलच्या शेवटाकडे फास्टबूटची एक ओळ असते आणि तिच्यात एक इवलासा डॅश डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे वाइप. चहा उकळेपर्यंत फोन दुकानातून आणल्यासारखा स्वच्छ. फोटो क्लाउडवर होते, नंबर परत आले, पण मावशीने सांगितलेलं गोड्या मसाल्याचं प्रमाण मी रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये ठेवलं होतं आणि त्या अ‍ॅपने ते स्वतःच्या खासगी कप्प्यात. ते गेलं ते गेलंच. मावशीला परत विचारलं तर या वेळी दगडफूल दुप्पट निघालं आणि "तेव्हा मी काय सांगितलं ते तूच लिहून ठेवायचं ना" हेही ऐकावं लागलं.

म्हणून बॅकअपला बसताना "फोनचा बॅकअप घेतला" असं मोघम म्हणू नका, एकेक गोष्ट कुठे राहते ते विचारा. फोटो, व्हिडिओ, डाउनलोड हे डोळ्यांना दिसणाऱ्या साठ्यात असतात, ते केबलने लॅपटॉपवर उतरवा. अ‍ॅपांचा आतला डेटा वेगळ्या खोलीत असतो आणि तिथे रूटशिवाय कोणी शिरू शकत नाही. रूट आहे तोवर त्याचा फायदा घ्या. स्विफ्ट बॅकअप किंवा निओ बॅकअप यांपैकी एकाने हव्या त्या अ‍ॅपांचा डेटा काढून घ्या. इथे पुष्कळजण फसतात: हा बॅकअप फोनच्याच साठ्यातल्या फोल्डरमध्ये पडतो. फोन कोरा झाला की बॅकअपही कोरा. तो फोल्डर लॅपटॉपवर गेल्याशिवाय बॅकअप झाला असं धरू नका. एखादी साधी गोष्ट, म्हणजे नोंदवहीचं अ‍ॅप किंवा खर्चाची डायरी, काढून टाकून त्या बॅकअपमधून परत आणून बघा. मी हे दर वेळी करतो आणि दर वेळी कंटाळा येतो.

काही अ‍ॅपं अशा बॅकअपला दाद देत नाहीत. त्यांच्या किल्ल्या फोनच्या हार्डवेअरमध्ये जपलेल्या असतात, डेटा परत आणला तरी कुलूप उघडत नाही. सिग्नलचा बॅकअप सिग्नलमधूनच घ्या आणि त्याचा लांबलचक सांकेतिक शब्द कागदावर लिहा, त्याच फोनच्या नोट्समध्ये नको. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप रात्री दोनला आपोआप होतो म्हणतात त्यावर विसंबू नका. सेटिंगमध्ये जाऊन हाताने घ्या, मग अँड्रॉइड फोल्डरमधल्या मीडियाच्या पोटातला व्हॉट्सअ‍ॅपचा अख्खा फोल्डर लॅपटॉपवर घ्या. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल तर पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली हाताशी हवी. ऑथेंटिकेटरचे कोड दुसऱ्या फोनवर हलवून तिथून एकदा लॉगिन करून बघा. एसएमएस लोक विसरतात. बँकेचे जुने मेसेज, गॅसचं बुकिंग, पार्सलवाल्याचे नंबर, हे सगळं एसएमएसच्या बॅकअप अ‍ॅपने एका फाइलमध्ये काढता येतं. आणि फोनबुकमधले काही नंबर खात्याऐवजी नुसत्या फोनमध्ये साठवलेले असतात, नळवाल्याचा, इस्त्रीवाल्याचा. एकदा गाळून बघा, दोन-चार निघतातच.

बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅपं हा वेगळाच संसार. त्यांचा बॅकअप घेण्यात अर्थ नाही. ती कोरी झाली की त्याच सिमवरून एसएमएस पाठवून परत नोंदणी करायची असते, तेव्हा सिम त्याच फोनमध्ये आणि रिचार्ज चालू असू द्या. यूपीआय पिन मात्र खात्याला चिकटलेला असतो, तो तोच राहतो. रूटवर ही अ‍ॅपं चालतात की नाही, कशी चालवायची, त्या भानगडीत मी इथे पडत नाही. दोन दिवसांपुरते पाकिटात पाचशे-हजार रुपये सुटे ठेवा. भाजीवालीच्या क्यूआर कोडसमोर मोबाइल हलवत उभं राहण्यापेक्षा ते बरं.

फोनचा पिन आठवतोय ना? हसू नका. रोज बोटाने उघडणाऱ्याला पिन आठवत नाही आणि रीस्टार्टनंतर पहिलं कुलूप पिननेच उघडतं. डेटा त्याच्याच आधाराने गुंडाळलेला असतो, पिन गेला तर सगळं जागेवर असूनही गेलंच. गुगल खात्याचा पासवर्डही कागदावर असू द्या.

आता फाइली. लॅपटॉपवर एक फोल्डर करा आणि त्याला नव्या बिल्डचं (अँड्रॉइडच्या नेमक्या आवृत्तीचं) नाव द्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: गुगलच्या पानावरून घेतलेलं पूर्ण ओटीए (फरकाचं नव्हे, अख्खं अपडेट), त्याच बिल्डची फॅक्टरी इमेज आणि तिच्या पोटातल्या झिपमधून काढलेली मूळ इनिट बूट. पिक्सेल ७ चं टोपणनाव पँथर, ७ प्रोचं चीता. उतरवताना मांजर बदलू देऊ नका. बिल्ड क्रमांकही वाचता येतो: अँड्रॉइड १६ च्या पहिल्या बिल्डमधले २५०६०५ हे सहा आकडे म्हणजे २०२५ च्या जूनची ५ तारीख. फाइल दोन-तीन जीबीची, घरच्या वायफायवर मध्येच तुटलेली असू शकते. गुगल पानावर शा-२५६ची बेरीज (फाइल धड आहे का हे ओळखायची अक्षरांची रांग) देतं आणि तिची पहिली आठ अक्षरं फाइलच्या नावातच असतात. विंडोजमध्ये सर्टयूटिल या कमांडने ती काढून ताडून बघा, मिनिटभराचं काम.

मॅजिस्क अ‍ॅप आधी ताजं करा. मग मूळ इनिट बूट फोनवर पाठवा, मॅजिस्कमध्ये फाइल निवडून पॅच करा आणि पॅच झालेली फाइल लॅपटॉपवर परत आणा. ही नेआण एडीबीने (लॅपटॉपवरून फोनला हुकूम देणाऱ्या टूलने) करा, साध्या केबल-कॉपीत फाइल बिघडू शकते असं मॅजिस्कवालेच सांगतात. डाउनलोडमध्ये तुमच्या गेल्या वेळच्या मॅजिस्क पॅच्ड फायलीही पडलेल्या असतील. नावं जवळपास सारखी, शेवटची चार-पाच अक्षरं काय ती वेगळी. जुन्या बिल्डची चुकून चढवलीत तर फोन लोगोपाशी गोल गोल फिरत बसतो. जुन्या पुसा, नवीला बिल्डचं नाव द्या.

केबल हा विषय छोटा वाटतो, पण रडवतो. चार्जरबरोबर आलेल्या कित्येक केबली फक्त चार्जिंगच्या लायकीच्या असतात. हब काढा, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. लॅपटॉपच, डेस्कटॉप नको, लाइट गेली तरी अर्ध्यात सुटणार नाही. प्लॅटफॉर्म टूल्स (एडीबी आणि फास्टबूट यांचा संच) नवी घ्या. यूएसबी डीबगिंग चालू करून या लॅपटॉपला कायमची परवानगी द्या, ती परवानगी पुढे अडचणीत उपयोगी पडते. फोन चालू असताना एडीबीला दिसतो म्हणून खूश होऊ नका. बूटलोडरमध्ये नेऊन फास्टबूट डिव्हायसेस म्हणा आणि क्रमांक येतो का बघा. विंडोजला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागू शकतो आणि तो मध्यरात्री शोधण्यात मजा नाही.

मॅजिस्कची मॉड्यूलं (सिस्टीमवर चढवलेल्या छोट्या जोडण्या) सगळी बंद करा. सगळी म्हणजे सगळी, "हे तर निरुपद्रवी आहे" असं वाटणारंही. माझ्याकडे ते मुक्ता फाँटचं आहे. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी पहिला फोन रूट केला तो मराठीसाठीच. जिंजरब्रेडच्या (अँड्रॉइड २.३ च्या) काळात देवनागरीच्या जागी चौकोन दिसायचे, आणि फाँट कसाबसा घातला तरी पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न येता मागे लोंबायची. आता गरज उरलेली नाही, पण हौस आहे. हे मॉड्यूल सिस्टीमची फाँटांची यादीच झाकून आपली पुढे करतं. नव्या अँड्रॉइडची यादी वेगळी असते, आणि मग एक दिवस सगळ्या इमोजींचे चौकोन होतात. चौकोनांचा आणि माझा ऋणानुबंध जुना आहे.

कुठल्या वाटेने जायचं? मॅजिस्कची अधिकृत वाट अशी: मूळ इमेज परत बसवा, रीस्टार्ट न करता अपडेट घ्या, आणि ते संपल्यावर मॅजिस्क रिकाम्या स्लॉटमध्ये (सिस्टीमच्या दोन जागांपैकी वापरात नसलेल्या जागेत) बसवून मगच रीस्टार्ट करा. महिन्याच्या छोट्या अपडेटला मी तीच घेतो. अँड्रॉइडचा आकडा बदलणार असेल तर मात्र पूर्ण ओटीए साइडलोड करतो, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने चढवतो. ते जुन्या भागाशी हिशेब जुळवत बसत नाही, सगळं नव्याने लिहितं आणि डेटाला हात लावत नाही. फ्लॅश-ऑलनेच जायचं असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून तो डॅश डब्ल्यू काढा, सेव्ह करा, बंद करा आणि परत उघडून बघा. गुगलचं ब्राउझरमधलं फ्लॅश टूल वापरणार असाल तर वाइप आणि बूटलोडर लॉक या दोन्ही खुणा काढा. बूटलोडर लॉक केला की डेटा जातोच, शिवाय आत पॅच केलेली इमेज असेल तर फोन उठणारही नाही.

परतीचा विचार आत्ताच करा. नवं अँड्रॉइड उठलंच नाही तर फोन आपणहून जुन्या स्लॉटवर येतो. एकदा ते नीट चालू झालं की मात्र जुनं विरघळून जातं, आणि १६ वरून १५ वर यायचं तर डेटा पुसूनच यावं लागतं. कधी तेवढीही सोय नसते: २०२२ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइड १३ आलं तेव्हा पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए यांना परत १२ वर जाण्याची वाट गुगलने बूटलोडरमध्येच बंद केली. तुमचं रोजचं अ‍ॅप नव्यावर चालतं का, हे आधी विचारून घ्या.

फोनमध्ये पाच-सहा जीबी जागा मोकळी करा, चार्ज साठ टक्क्यांच्या वर असू द्या, आणि बसा. फोन रिकव्हरीत (दुरुस्ती-अपडेटच्या पडद्यात) नेल्यावर "नो कमांड" म्हणून आडवा पडलेला रोबो दिसला तर घाबरू नका, पॉवर दाबून ठेवून व्हॉल्यूम अप एकदा टिचका, यादी येते. त्यात एडीबीवरून अपडेट ही ओळ निवडायची. त्याच यादीत खाली फॅक्टरी रीसेटही आहे, व्हॉल्यूमचं बटण सावकाश दाबा. लॅपटॉपवर साइडलोडचा आकडा ४७ टक्क्यांवर थांबून वाचता आलं नाही अशा अर्थाची ओळ येऊ शकते आणि तिच्याच शेपटीला सक्सेस किंवा नो एरर असतं. तेवढ्यावरून केबल उपटू नका, फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा.

पहिल्यांदा रूटशिवायच उठू द्या. पिन घाला, फोटो आहेत ना बघा, एक फोन लावा. मग बूटलोडरमध्ये जाऊन पॅच केलेली इनिट बूट चढवा. त्यानंतर कधी "अँड्रॉइड सुरू करता येत नाही, डेटा बिघडला असेल" असा पडदा आला, तर खालचा रीसेटचा पर्याय निवडू नका. बहुतेकदा डेटाला काही झालेलं नसतं, एखादं मॉड्यूल आडवं आलेलं असतं. बूटलोडर गाठा आणि फोल्डरमधली मूळ इनिट बूट चढवा, ती याच क्षणासाठी काढून ठेवली होती. फोन उठला की पॅच केलेली परत चढवा आणि तो सुरू होत असतानाच मॅजिस्कच्या ओळीने एडीबीवरून मॉड्यूलं उडवा.

मॉड्यूलं एकेक करून चालू करा, प्रत्येकानंतर एक रीस्टार्ट. डेव्हलपर ऑप्शनमधलं आपोआप अपडेटचं बटण बंद आहे ना बघा. लॅपटॉपवरचा फोल्डर आठ दिवस तरी पुसू नका. मुक्ता मी सगळ्यात शेवटी चालू करतो, आणि त्याआधी मावशीचं नवं रेकॉर्डिंग वाजतंय का ते ऐकतो.