पावसाळ्यातील कपड्यांचा कुबट वास कसा घालवावा

बडोद्यात आषाढ-श्रावणात दांडिया बाजारातील जुन्या घरांच्या माजघरात दोरीवर वाळत घातलेले पंचे दुसऱ्या दिवशीही दमट राहतात आणि घडी उलगडताच कुबट वास येतो. या वासाला मुख्यतः मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू कारणीभूत असतो. धुतल्यानंतरही धाग्यांत उरलेला घाम व तेलकटपणा खाऊन तो दुर्गंधी आम्ल तयार करतो, आणि कपडा वाळायला जितका उशीर होईल तितके त्याचे फावते. म्हणून सुवासिक द्रव ओतण्यापेक्षा कपडा लवकर वाळवण्याकडे लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

धुणे झाल्यावर कपडे धुलाई यंत्रात पडून राहू देऊ नयेत. दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून ते पंख्याखाली पसरावेत आणि पंचा दोरीवर दुहेरी टाकू नये, कारण घडीच्या आतली बाजू शेवटपर्यंत ओली राहते. वास मुरलेले सुती कपडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. रंग व कापड परवानगी देत असेल तर त्यात ऑक्सिजनयुक्त ब्लीच घालावे. क्लोरीनचे ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. पॉलिएस्टरचे खेळाचे कपडे तेलकटपणा धरून ठेवतात, त्यामुळे ते घामट अवस्थेत टोपलीत कोंबू नयेत.

पुढून उघडणाऱ्या यंत्राच्या रबरी कडेची घडी बोटाने उलटून पाहावी. तिथला काळपट बुळबुळीत थर पुसावा आणि दार उघडे ठेवावे.