ब्रेकची तार पिंजारू न देता ब्रेक कसा टाइट करायचा

सायकलचा ब्रेक ढिला झाला की आपल्यापैकी बरेच जण काय करतात, तर सरळ पाना घेतात, ब्रेकवर तार धरून ठेवणारा खालचा नट खोलतात, तार पक्कडीने ओढतात आणि पुन्हा कसतात. दोन-तीनदा जमतं. चौथ्यांदा तारेचं टोक झाडूसारखं फुलतं आणि मग ते कशातूनच जात नाही. माझं गेल्या मे महिन्यात हेच झालं, सकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर ब्रेक दाबला तर दांडा पार हँडलला टेकला, घरी येऊन घाईघाईत नट खोलला, तार सटकली, परत घालायला गेलो तर एक बारीक धागा सरळ अंगठ्यात. अर्धा तास ती तार पिळत बसलो भाऊ, शेवटी नवीनच घ्यावी लागली.

तर पहिली गोष्ट, ब्रेक थोडासाच ढिला असेल तर नटाला हातच लावायचा नाही. दांड्याजवळ जिथून केबल निघते तिथे हाताने फिरणारा एक गोल स्क्रू असतो, त्याला बॅरल म्हणतात, कॅलिपर ब्रेकमध्ये, म्हणजे चाकाला वरून चिमट्यासारखा धरतो त्या ब्रेकमध्ये, तो बरेचदा खाली ब्रेकवरच असतो. त्याला जागेवर धरून ठेवणारी चकती ढिली करायची आणि बॅरल बाहेरच्या बाजूला येईल असा फिरवायचा. बॅरल बाहेर आला की तार ताणली जाते, रबर रिमच्या जवळ येतात. अर्धा फेरा, दांडा दाबून बघा, अजून अर्धा फेरा. झालं की चकती परत कसून टाका. रबर झिजतात तसं महिन्या-दोन महिन्याने एवढंच करावं लागतं, आणि ते करताना तारेला काहीच होत नाही कारण तिला कोणी पकडलेलं नाही, सोडलेलं नाही. बॅरल अर्ध्याहून जास्त बाहेर आला, आटे दिसायला लागले, की मगच नट. आणि नट खोलायच्या आधी बॅरल पूर्ण आत घालून एक-दोन फेरे बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी फिरवायला जागा राहते. हे बरेच जण विसरतात, मीही विसरायचो.

आता नट खोलायचाच आहे. पण आधी टोक बघा. ब्रेकची तार साधारण दीड मिलिमीटरची असते आणि तिच्यात बहुतेक वेळा १९ बारीक तारा एकत्र पिळलेल्या असतात. टोकाला टोपी नसेल तर त्या सुटायला वेळ लागत नाही. टोपी म्हणजे ती छोटीशी अ‍ॅल्युमिनियमची नळी, दोन-चार रुपयाची वस्तू आहे पण कोणी लावत नाही. एका दुकानात तर मला साध्या पक्कडीने चावून चावून तार कापून दिली होती, तिथेच अर्धं काम बिघडलं. पक्कड तार कापत नाही, चेपते, आणि चेपलेली तार फुलणारच. धारदार केबल कटर पाहिजे, एकाच झटक्यात कापणारा.

कटर नसेल तर जुगाड सांगतो. जिथे कापायचं तिथे फेविक्विकचा एक थेंब टाका, तारेत मुरू द्या, पूर्ण वाळू द्या आणि बरोबर त्या वाळलेल्या जागेच्या मधोमध कापा. धागे चिकटलेले राहतात. काही जण सोल्डर करतात, ते जस्ताचा मुलामा असलेल्या तारेवर बसतं, पण स्टेनलेसच्या तारेवर साध्या फ्लक्सने बसत नाही, थेंब नुसता घरंगळतो. टोपी मिळाली नाही तर जुन्या स्पोकचं निपल घ्या, त्यात फेविक्विक टाकून तारेवर चढवा, मस्त बसतं. टोपी असेल तर ती पक्कडीच्या सपाट भागाने हलकेच दाबायची, धारेने नाही, नाहीतर टोपीसकट तार कापली जाते आणि मग आपणच आपल्यावर हसतो.

टोक नीट असलं तर नट खोलताना खरी गोष्ट ही, की तार पूर्ण बाहेर काढायचीच नाही. नट सरकण्यापुरता ढिला करायचा, बस. व्ही-ब्रेकला, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना उभे बाहू असतात त्या ब्रेकला, बहुतेक ५ मिमीची एलन की लागते, जुन्या कॅलिपरला बरेचदा १० नंबरचा पाना. जुन्या कॅलिपरमध्ये तार बोल्टच्या भोकातून जाते, तिथे एका पान्याने बोल्ट धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर बोल्ट तारेला घेऊन फिरतो आणि तारेला पीळ बसून ती तिथेच तुटायला लागते. व्ही-ब्रेकमध्ये वॉशरला खाच असते, तार त्या खाचेतच बसली पाहिजे.

दोन्ही रबर रिमवर दाबून धरायला तिसरा हात लागतो, तो नसतो म्हणून आपण पक्कडीने तार ओढतो आणि तिथेच धागे तुटतात. जुन्या ट्यूबची एक पट्टी कापा, ब्रेकच्या दोन्ही बाहूंना गुंडाळून आवळा, रबर रिमला चिकटून राहतात. मग तार बोटाने ओढली तरी पुरते. नट कसा, पट्टी काढा. एवढं आवळलं की रबर रिमला घासत राहिले तर बॅरल थोडा आत घ्या, म्हणून तर तो एक-दोन फेरे बाहेर ठेवला होता. रबर आणि रिममध्ये दोन्हीकडे एक-दीड मिलिमीटर जागा पुरे. किती कसायचं, तर शिमानोच्या व्ही-ब्रेकला ६ ते ८ न्यूटन मीटर, म्हणजे छोट्या एलन कीने मनगटाच्या जोराने घट्ट, अंगाचं वजन टाकून नाही. मग दांडा दहा वेळा जोरात दाबा. तार सरकायची असेल तर ती घरीच सरकू दे, उतारावर नको.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली. नटाखाली तार चपटी होते, ती जागा कायमची कमजोर असते. ब्रेक टाइट करताना ती जागा शेपटीकडे, म्हणजे नटाच्या पुढे सुट्या राहिलेल्या टोकाकडे जाते, तिथे ताण नाही, हरकत नाही. पण नवीन रबर टाकले की ते जाड असतात, तार सैल सोडावी लागते, आणि मग तीच चपटी जागा नटाच्या वरच्या बाजूला, ताणाच्या भागात येते. तिथे एक जरी धागा तुटलेला दिसला तर तार बदला. शेपटीचे धागे सुटले तर नुसता त्रास आहे, नट ते दांडा यामधला धागा तुटला तर धोका आहे. दांडा पूर्ण दाबून आत डोकावून बघा, तारेचं डोकं जिथे बसतं तिथेही धागे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पंक्चरसाठी चाक काढताना नट खोलू नका बाप्पा, निम्म्या तारा यातच जातात. व्ही-ब्रेकचे बाहू हाताने जवळ दाबून तार जिच्यातून येते ती वाकडी नळी खाचेतून सोडवा, चाक सुटतं. कॅलिपरला सोडायची कळ नसेल तर ट्यूबमधली उरलीसुरली हवाही काढून टाका, चाक निघतं.

बाकी आपल्या नागपूरच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, उन्हात उभ्या सायकलच्या केबलचं वरचं प्लास्टिक तडकतं आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी आत जाऊन तार गंजते. तडा दिसला की बाहेरची केबलही बदला, आणि बदलताना ब्रेकचीच मागा, गिअरची देतील तर घेऊ नका, ती ब्रेकच्या जोराने फाटू शकते. नवीन तारेला दोन्ही टोकांना वेगवेगळी डोकी असतात बरेचदा, आपल्या दांड्यात कोणतं बसतं ते बघून मगच दुसरं कापा. मी एकदा उलटं कापलं होतं.